जुना ट्रॅक्टर, जुना लोडर आणि पुढचा एक्सल

उन्हाळ्यात उकिरडा उपसायची वेळ आली की गावात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते: माणसं मिळतील का, आणि जेसीबी कधी मोकळा होईल. माणसं मिळत नाहीत. जेसीबी मिळतो, पण तासाच्या भाड्यानं आणि त्याच्या सवडीनं, शिवाय गोठ्यामागच्या अरुंद बोळात तो शिरत नाही. दारात मात्र पंचवीस-तीस वर्षांचा मॅसी १०३५ उभा असतो. कर्ज केव्हाच फिटलेलं, नांगरटीला नवा ट्रॅक्टर आलेला, जुन्याकडे ट्रॉली ओढणं आणि किरकोळ कामं उरलेली. अशात कोणीतरी सांगतं की शेजारच्या गावात एकाकडे ट्रॅक्टरवरून उतरवलेला लोडर पडून आहे, स्वस्तात देतोय. बसवून देणारा फिटरही ओळखीचा निघतो. इथून पुढचे निर्णय घाईत होतात आणि त्यांचा खर्च सहा महिन्यांनी समोर येतो.

लोडर बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती उचलतो?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, कारण तेलाला दाब मिळाला की जॅक उचलतोच. साध्या ६३ मिलिमीटर बोअरच्या जॅकमध्ये पिस्टनचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर भरतं. १५० बार दाबाला तो एकटा साडेचार टनांहून जास्त रेटा देतो. बूमच्या तरफेत यातला बराचसा भाग खर्ची पडतो, तरीही दोन जॅक मिळून या ट्रॅक्टरला झेपणार नाही इतकं वजन सहज वर नेतात. म्हणून आधी विचारायचं ते वेगळंच: उचललेलं वजन ट्रॅक्टरच्या कोणत्या भागावर बसतं, आणि तो भाग ते पेलायला बनवलेला आहे का?

शेतीच्या ट्रॅक्टरला चासी नसते, हे ट्रकची सवय असलेल्या वेल्डरच्या पटकन लक्षात येत नाही. इंजिनाचा ब्लॉक, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं हाउसिंग हे बिडाचे भाग एकमेकांना बोल्टनी जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. १९१७ च्या फोर्डसनपासून ही रचना रुळली. हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा छोटा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीला बनला, त्याच्यानंतर मॅसी ३५ आला. चेन्नईची टाफे कंपनी १९६० साली सुरू झाली, आणि आपल्याकडचा १०३५ हा त्या मॅसी ३५ चाच वारस. हे सगळे ट्रॅक्टर मागे औजार जोडून ओढण्यासाठी घडवले गेले. ओढताना वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणून मागचा एक्सल दणकट आणि मागची चाकं मोठी. पुढच्या एक्सलकडे ट्रॅक्टरचं नाक टेकवायचं आणि वळवायचं एवढंच काम होतं. लोडर या मांडणीच्या बरोबर उलट मागणी करतो.

शेतीच्या ट्रॅक्टरला लोडर बसवणं ही काही गावठी जुगाडाची कल्पना नाही. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमधल्या उटॉक्सिटर गावी भाड्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये ट्रॉल्या बनवायला सुरुवात केली. काही वर्षांतच त्यांनी फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला बसणारा ‘मेजर लोडर’ काढला, आणि १९५३ मध्ये मागे खोदायचा हात जोडला. आपल्या ओळखीचा जेसीबी असा शेताच्या ट्रॅक्टरवरच वाढला. आजचा बॅकहो लोडर मात्र पोलादी चासीवर उभा असतो, आणि दारातल्या मॅसीकडे नेमकी तीच नाही.

आता थोडा हिशेब करू. आकडे गोल घेतले आहेत, प्रत्येकानं आपल्या ट्रॅक्टरचे घालून पाहावेत. ट्रॅक्टर १७०० किलोचा धरू, त्यातले ६८० किलो पुढच्या एक्सलवर आणि १०२० मागच्यावर. दोन एक्सलमधलं अंतर १.८ मीटर. लोडरचा सांगाडा आणि बूम मिळून ३०० किलो, त्याचा तोल पुढच्या एक्सलच्या ०.६ मीटर पुढे. भरलेली बकेट ४०० किलोची, तिचा तोल एक्सलच्या १.३५ मीटर पुढे. मागच्या एक्सलभोवती तरफ मांडली की उत्तर येतं: पुढच्या एक्सलवर लोडरमुळे ४०० आणि बकेटमुळे ७०० किलोंची भर पडते. बकेट ४०० किलोची आणि भर ७०० ची, याचं आश्चर्य वाटायला नको. भरलेलं घमेलं छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. उरलेले ३०० किलो मागच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात. एकूण मिळून पुढे १७८० किलो आणि मागे फक्त ६२०. ज्या एक्सलनं आयुष्यभर ६८० किलो वाहिले, त्याच्यावर आता अडीचपटीहून जास्त ओझं आहे, तेही ट्रॅक्टर उभा असताना. बांध ओलांडताना किंवा खड्ड्यात चाक आदळताना बसणारा हिसका या आकड्यात धरलेलाच नाही.

मागचे ६२० किलो हीसुद्धा तितकीच वाईट बातमी आहे. जुन्या टू-व्हील ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात आणि ओढही तिथूनच मिळते. मागचं टोक हलकं झालं की उकिरड्यात बकेट घुसवताना चाकं जागेवर फिरतात, उतारावर ब्रेक दाबला तर घसरतात.

यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे: मागे वजन टांगायचं. थ्री-पॉइंट लिंकेजला काँक्रीटचा ठोकळा जोडला की झालं. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं, म्हणजे एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि जेमतेम ४२ सेंटिमीटर उंच ठोकळा ५०० किलोचा होतो. तो मागच्या एक्सलच्या ०.९ मीटर मागे राहिला तर मागच्या चाकांवर ७५० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे २५० किलो उतरतात. नवा हिशेब पुढे १५३०, मागे १३७० असा येतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरणंही चांगलं. १३.६-२८ मापाच्या टायरमध्ये पाऊण भाग भरला तर सुमारे १९० लिटर पाणी मावतं. पण पाण्याचं वजन थेट मागच्या चाकावर बसतं, पुढचा एक्सल त्यानं हलका होत नाही. पाणी आणि ठोकळा यातलं एकच जमणार असेल तर ठोकळा करा. लोडर बसवणारे बहुतेक लोक हा ठोकळा ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते ज्याच्याकडे ठोकळ्याची तयारी नाही, त्यानं लोडरचा सौदाच करू नये.

पुढच्या एक्सलची आणखी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. हा एक्सल मधोमध एका सेंटर पिनवर झुलतो. म्हणूनच ओबडधोबड रानात चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. पण याचा अर्थ असाही होतो की आडवं कलंडण्याच्या बाबतीत पुढची दोन चाकं काही अंशापर्यंत ट्रॅक्टरला आधार देतच नाहीत. आधार तीन ठिकाणी असतो: दोन मागची चाकं आणि ती सेंटर पिन. म्हणजे ट्रॅक्टर एका त्रिकोणावर उभा आहे आणि त्या त्रिकोणाचं निमुळतं टोक पुढे आहे. बकेट भरून वजन पुढे गेलं की तोल या निमुळत्या टोकाकडे सरकतो. मग बकेट वर उचलली की तो उंचावरही जातो. अशा वेळी एक मागचं चाक दगडावर चढलं किंवा दुसरं चरीत उतरलं तर ट्रॅक्टर आडवा व्हायला फार काही लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर डोक्याचं रक्षण करणारी पोलादी चौकटही नसते. म्हणून मागची चाकं जमेल तितकी बाहेर घेऊन रुंदी वाढवायची, आणि भरलेली बकेट घेऊन चालताना ती जमिनीपासून गुडघ्याच्या खालीच ठेवायची. वर उचलायची ती ट्रॉलीजवळ पोचल्यावर, सपाट जागी, ट्रॅक्टर थांबवून.

सौदा करण्याआधी ट्रॅक्टरची तपासणी पुढच्या चाकांपासून सुरू करावी. जॅक लावून पुढचा भाग उचला, चाक वर-खाली धरून हलवा. हबचे बेअरिंग सैल असतील तर टकटक हाताला लागते. डोळा किंगपिनवर ठेवा, तिथला बुश घासलेला असेल तर चाकाबरोबर अख्खा स्टब हलताना दिसतो. मग पहार घालून सेंटर पिनशी एक्सल वर-खाली करून बघा. हे बुश, थ्रस्ट बेअरिंग आणि हबचे बेअरिंग लोडर चढवण्याआधीच बदलावेत. टायर साधारण ६.००-१६ मापाचे असतात. ते जास्त प्लायचे हवेत, आणि हवा किती ठेवायची हे टायर कंपनीच्या तक्त्यात वजनानुसार बघून ठरवायचं. साध्या स्टेअरिंगचा ट्रॅक्टर असेल तर भरल्या बकेटनं जागेवर वळवताना हातात गोळे येतात. पॉवर स्टेअरिंग बसवणं जमलं तर उत्तम. नाहीतर निदान चाक किंचित तरी फिरत असतानाच स्टेअरिंग वळवायची शिस्त पाळावी, म्हणजे हात आणि स्टेअरिंग बॉक्स दोन्ही वाचतात.

आता बसवण्याचं काम. लोडरचे दोन खांब साधारण क्लच हाउसिंगच्या बाजूला उभे राहतात. स्वस्तातला फिटर तिथल्याच चार बोल्टांवर ते कसतो आणि एखादा टेकू पुढे रेडिएटरखालच्या बिडाच्या सपोर्टला देतो. मग पुढच्या एक्सलकडून येणारा सगळा वाक इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या सांध्यातून जातो. बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र सोसत नाही. बकेट भरताना, आदळताना, मागे घेताना तो सांधा हजार वेळा उघडू पाहतो. आधी तिथून तेल पाझरायला लागतं, सगळे म्हणतात सील गेलं. मग स्टड ढिले होतात. मग एखाद्या दिवशी बोल्टाच्या भोकातून निघालेला बारीक तडा दिसतो, आणि ट्रॅक्टर मधून सोडवून हाउसिंग बदलायची वेळ येते. लोडर फुकट मिळाला असता तरी तो महाग पडला असता.

चांगल्या बसवणीत ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांनी पोलादी चॅनेलची सबफ्रेम धावते: पुढे सपोर्टला, मध्ये खांबांपाशी आणि मागे थेट मागच्या एक्सलच्या ट्रम्पेट हाउसिंगपर्यंत. दोन्ही बाजूंचे खांब एका जाड आडव्या नळीनं जोडलेले असतात, म्हणजे बकेटच्या एकाच कोपऱ्यावर वजन आलं तरी पीळ बिडावर न जाता नळीवर येतो. अशी फ्रेम म्हणजे ट्रॅक्टरला नसलेली चासी देणं होय. जुना लोडर दुसऱ्या मॉडेलवरून उतरवलेला असेल तर बूम आणि जॅक वापरता येतात, पण खांब आणि फ्रेम आपल्या ट्रॅक्टरच्या मापानं नवी करून घ्यावी. ओढूनताणून भोकं जुळवणं नको. बिडाच्या भागाला वेल्डिंग करू देऊ नका आणि नवी भोकंही पाडू देऊ नका. कंपनीनं आटे पाडलेल्या जागा जिथे आहेत तिथेच पट्ट्या कसायच्या. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे घ्यावेत, हा आकडा बोल्टाच्या डोक्यावर उठवलेला असतो. आणखी एक बारकावा: फ्रेम बसल्यावर तेलाची पट्टी, एअर क्लीनर, बॅटरी आणि रेडिएटरची जाळी यांच्यापर्यंत हात पोचतो का, हे कसण्याआधी पाहावं. धुळीत काम करणाऱ्या लोडरची जाळी रोज साफ करावी लागते. तिथे हात जात नसेल तर ती साफ होणार नाही आणि इंजिन तापेल.

जुना लोडर पारखताना ताज्या रंगाला भुलू नये. रंगाखाली वेल्डिंगचे ठिगळ लपतात. बूम जिथे वाकतो ती जागा, जॅकचे कान आणि पिनांची घरं इथे तडे जातात. संशयाच्या जागी रंग खरवडून रॉकेल लावा, थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत उमटून रेघ काढतं. बकेट जमिनीवर टेकवून बूमचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. फरक मोठा असेल तर बूम पिळलेला आहे. पिना आणि बुश घासलेले असतील तर घाबरायचं कारण नाही, कोणताही लेथवाला ते नवे करून देतो, फक्त त्याचा खर्च सौद्यात धरायचा. जॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर मात्र सील टिकणार नाही. आतलं सील तपासायची सोपी रीत अशी: जॅक पूर्ण बाहेर येऊ द्या, इंजिन बंद करून दाब सोडा, दांड्याच्या बाजूचा पाइप काढून त्याचं टोक बंद करा आणि मग मागच्या बाजूनं पुन्हा दाब द्या. उघड्या तोंडातून तेल येत राहिलं तर पिस्टनचं सील गेलेलं आहे.

हायड्रॉलिकच्या जोडणीत मॅसी घराण्याची खास अडचण येते. यांचा पंप गिअरबॉक्सच्या मागे, तेलातच बुडालेला असतो आणि तो लिंकेजच्या कामासाठी आहे. त्याचं नियंत्रण तेल आत ओढण्याच्या बाजूला असल्यामुळे गरज नसताना तो तेल ढकलतच नाही. बाहेरच्या व्हॉल्व्हला तेल द्यायचं तर लिव्हर सतत पंपिंगच्या जागी ठेवावा लागतो. मिनिटाला पंधरा-सोळा लिटर तेल मिळतं असं धरा. ६३ बोअरचे आणि अर्धा मीटर स्ट्रोकचे दोन जॅक भरायला तीन लिटरच्या वर तेल लागतं, म्हणजे बकेट वर जायला बारा सेकंद. शेणखताच्या दोन ट्रॉल्यांना हे चालेल, दिवसभराच्या मुरुमाला नाही. त्यात सिंगल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर क्लच दाबला की पंपही थांबतो आणि बकेट अधांतरी अडकते. ड्युअल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबून चाकं थांबवता येतात आणि पंप चालू राहतो. सर्वांत वाईट म्हणजे हेच तेल गिअरबॉक्सचंही आहे. वर्षभर उघड्यावर पडलेल्या जुन्या जॅकमधला गंज आणि माती थेट गिअर आणि बेअरिंगांत जाते.

म्हणून वेगळा गिअर पंप, वेगळी टाकी आणि परतीच्या वाटेवर फिल्टर अशी स्वतंत्र जोडणी मी पसंत करतो. पंप इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून चालवला तर मागचा पीटीओ मोकळा राहतो. १६ सीसीचा पंप २००० फेऱ्यांना मिनिटाला ३२ लिटर देतो, बकेट सहा सेकंदांत वर जाते, आणि १५० बारला तो इंजिनाची अकरा अश्वशक्ती घेतो. छत्तीस अश्वशक्तीच्या इंजिनाला एवढं झेपतं. ‘मोठा टाकू, फास्ट चालेल’ म्हणून दुप्पट पंप बसवला तर इंजिन दबतं आणि तेल तापतं. जुने पाइप कितीही चांगले दिसले तरी नवे घ्यावेत. आणि रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढवायचा मोह कोणालाच होऊ देऊ नये, कारण वाढलेला दाब शेवटी त्याच पुढच्या एक्सलवर बसतो.

पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर त्यातून सुटणारी तेलाची धार डोळ्याला दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही फारसं नाही, आणि काही तासांत आतलं मांस सडू लागतं. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. तेल अंगात शिरल्याची शंका जरी आली तरी त्याच वेळी सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि दाबाचं तेल शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उचललेल्या बूमखाली काम करायचं असेल तर जॅकच्या दांड्यावर पोलादी टेकू बसवल्याशिवाय कोणी आत जाऊ नये. आणि बकेटमध्ये माणूस उभा करून आंबे उतरवणं, तारा जोडणं हे प्रकार कोणत्याही घाईत करू नयेत.

बकेट किती मोठी घ्यायची हे मालावर ठरतं. पाव घनमीटरची बकेट मोकळ्या मुरुमानं भरली तर माल चारशे किलोच्या आसपास जातो, तीच शेणखतानं भरली तर जवळपास निम्मा. शेणखतासाठी घेतलेल्या मोठ्या बकेटनं पावसाळ्यात ओली माती उचलायला गेलं की वरचा सगळा हिशेब मोडतो. कागदपत्रांचंही बघावं लागतं. वाहनाच्या रचनेतल्या बदलाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, त्यामुळे आरटीओत आधी विचारून घ्यावं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं.

काम सुरू झाल्यावर पहिल्या दहा तासांनी सबफ्रेमचे सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळायचे, कारण रंग आणि पट्ट्या दबून बसल्यावर ते हमखास सैल पडतात. आवळून झाले की प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवायची. सकाळी डिझेल भरताना ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली की कोणती रेघ तुटली आहे ते दिसतं. तुटलेली दिसली तर आधी पाना, मग बकेट.